एकटी धावली की हिरवी

आमच्या घराच्या मागच्या खोलीत रोज हजारो लिफ्टा वरखाली करतात आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. माझा मुलगा लिफ्टच्या दारांचे प्रोग्राम लिहितो आणि सूनबाई ते तपासते. तपासायचं म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर मारायचं. मग आत लुटुपुटूच्या लिफ्टा धावतात, लुटुपुटूची माणसं चढतात, दारात रेंगाळतात, वीज जाते, वजन जास्त होतं. जी चाचणी नीट पार पडली ती हिरवी, जी फसली ती लाल.

सगळ्या चाचण्या परत धाववायच्या म्हणजे मुलाला जिवावर येई. म्हणून त्याने एक सोय करून ठेवली होती. नुसतं ‘पुन्हा’ लिहायचं, की लाल झालेल्या तेवढ्याच परत धावणार. लाल आलं की ‘पुन्हा’, हिरवं झालं की “नखरे करत होती” म्हणायचं आणि चहाला उठायचं, अशी त्या खोलीची रीतच पडून गेली होती.

त्या सकाळी ‘दारात माणूस’, म्हणजे मध्ये कोणी असताना दार लागत नाही ना, ही चाचणी लाल झाली. ‘पुन्हा’. हिरवी. मुलाने प्रोग्राम खिशात घातला आणि हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये बसवायला निघाला. आमच्या हिच्या पायाचं प्लास्टर तिथेच काढायचं होतं, म्हणून आईलाही सोबत नेलं. एका फेरीत दोन कामं!

सूनबाई मात्र पडद्यासमोरून हलेना.

“बाबा, ही कालही लाल होती.”

“मग हिरवी झाली ना?”

“एकटी धावली की होते. सगळ्यांबरोबर धावली की नाही. नखरे असते तर कधीतरी उलटंही झालं असतं.”

तिने वरच्या बाणाची कळ दाबली. आधीची ओळ आपसूक परत आली. एंटर. सगळ्या चाचण्या, त्याच क्रमाने. लाल. बाण, एंटर. लाल. मग ती एकेक चाचणी वगळत सुटली. तिची बोटं अशी चालत होती की कीबोर्डवरची अक्षरं जीव मुठीत धरून बसली असतील. शेवटी दोनच उरल्या: आधी ‘वजन जास्त’, मग ‘दारात माणूस’. लाल. क्रम उलटा केला. हिरवी.

तिचा चेहरा उतरला. “वजन जास्त झालं, घंटा वाजली, की दाराचा माणूस ओळखणारा डोळा मिटतोय. वजन कमी झालं की दार लागणार. मध्ये माणूस असला तरी.”

“पण वजन कमी होणार कसं?”

“शेवटी चढलेला उतरतो, बाबा. त्याच दारातून.”

शेवटी कोणाला चढवतात? चाकाच्या खुर्चीला. आणि प्लास्टरवाली आमची ही तिथे खुर्चीतच असणार.

मुलाचा फोन लागेना. तो गच्चीवर मोटरच्या खोलीत असणार. मी हिला लावला. हिने पहिल्याच रिंगला उचलला.

“अहो, काय ही गर्दी! एका लिफ्टचं काम उरकून हा दुसरी बंद करून बसलाय, म्हणून पहिलीत सगळं गाव. मला कशीबशी कोंबली तर आता घंटा बोंबलतेय. नर्सबाई म्हणतात, आजी, तुम्हाला बाहेर घेते—”

सूनबाईने फोन माझ्या हातून ओढला. “आई! हलू नका! कोणालाच हलू देऊ नका!”

“अगं, लोक अंगावर येतायत!”

“येऊ देत! ब्रेक लावा! तो दरवाजा माणूस बघत नाहीये!”

पलीकडे घंटा बोंबलतच होती. आमची ही सुनेचं ऐकत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी डोळे मिटले. मग हिचा आवाज आला, असा खणखणीत की टेबलावरची कपबशी थरथरली. “ए, खबरदार कोणी पाय उचलला तर! माझी सून सांगतेय!”

सूनबाईने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबला. दार कशाने उघडं राहतं ते बघायला दोन चाचण्यांच्या मध्ये तिने एक पायरी घुसवली: आतलं ‘दार उघडा’ बटण. बाण, एंटर. लाल.

“काय गं, झालं का?” पलीकडे कोणीतरी कामाला उशीर होतोय म्हणून ओरडत होतं. “हा टायवाला उतरतो म्हणतोय!”

“त्याचा टाय धरा, आई!”

“धरलाय!”

आतलं बटण खोडलं, बाहेरचं, लिफ्ट बोलवायचं घातलं. बाण, एंटर. हिरवी. माझ्या तोंडून “सुटलो” निघालं, पण ती थांबली नाही. बाण, एंटर. हिरवी. मग अख्खी रांग, पहिल्यापासून. मला वाटलं, तेवढ्या वेळात माझे उरलेसुरले केसही पिकले. हिरवी.

“आई, बाहेरच्या कोणालातरी बटण दाबून धरायला सांगा. सोडायचं नाही. मग या.”

चाकं कुरकुरली. नर्सबाई “सावकाश, सावकाश” म्हणत होत्या. मग हिचा दीर्घ श्वास, आणि लगेच खाडकन आवाज.

“आई?”

“मी बाहेर आहे गं. त्या शहाण्याने खुर्ची निघाल्याबरोबर बटण सोडलं. माझी काठी मागे लटकत होती, ती चावली दाराने.”

संध्याकाळी काठी घरी आली. धातूची, पण मधोमध अशी मुडपली होती की तिला छत्रीसारखी दांडीवर टांगता आली असती. मुलगा जुना प्रोग्राम परत बसवून आला होता. काठी बघितली तसा तो कॉम्प्युटरपाशी बसला आणि आपल्या लाडक्या सोयीत फेरफार केला. आता ‘पुन्हा’ लिहिलं की सगळ्या चाचण्या धावतात, आधीच्याच क्रमाने. वेळ लागतो, पण कुरकुर करायची त्याची टाप नाही.

कारण आमची ही आता रोज खुर्ची ओढून सूनबाईशेजारी बसते. पडदा हिरवागार झाला, मुलगा उठू लागला, की वाकडी काठी जमिनीवर आपटते.

“बस खाली. सूनबाई, बाण दाब.”