बाकी एक

तिसरीच्या वर्गाला नव्या बाई येऊन चार दिवस झाले होते. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी सहा महिन्यांसाठी ही चोवीस वर्षांची मुलगी आली. शिक्षकांच्या खोलीत तिला बदली बाई म्हणत, वर्गातली मुलं नुसतं बाई. हजेरीपटावरचं आधीच्या बाईंचं बारीक, गिचमिड अक्षर तिला लागेना. कुणाचं नाव चुकीचं वाचून हसं व्हायला नको म्हणून ती नंबर पुकारून हजेरी घ्यायची. एक ते बत्तीस, सगळे ‘हजर’ म्हणत आणि काम भागत असे.

गुरुवारी भागाकार सुरू करायचा होता. काड्या नि मणी घेऊन शिकवण्यापेक्षा मुलांनाच भागावं, असं तिच्या मनात आलं. पट बत्तीसचा, चार-चारांचे गट केले की आठ गट, बाकी शून्य. मधल्या सुट्टीत तिने फळ्यावर उत्तर लिहिलं आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. मुलांनी गट केले की कागद ओढायचा, म्हणजे मुलं चकित होतील.

बाकं भिंतीला लागली. तिने टाळी वाजवली आणि एकच धावपळ उडाली. कुणी मैत्रिणीचा हात सोडेना, कुणी ढकलाढकली करी. शेवटी आठ गट उभे राहिले आणि खिडकीपाशी एक गुबगुबीत मुलगा एकटाच उरला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

कुठल्यातरी गटात तिघंच असतील, असं समजून बाई एकेका गटापाशी गेली. सगळीकडे चारच होते. तिने सगळ्यांना मोकळं करून पुन्हा टाळी वाजवली. या वेळी वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी उरली आणि ती मैत्रिणींवर रुसून बसली. तिसऱ्या वेळी पुन्हा तो गुबगुबीत मुलगाच. आपण बाकी होणार नाही, असं त्याने बाईला ठणकावून सांगितलं.

एवढ्यात एका चष्मेवाल्याने कागद खाली ओढला. सगळा वर्ग फळ्याकडे बघू लागला.

“बाई,” तो म्हणाला, “इथे शून्य लिहिलंय. मग फळा चुकला की आम्ही चुकलो?”

बाईचे कान गरम झाले. बत्तीसला चारने भागलं की आठ, हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण समोर एक मूल उरलेलं दिसत होतं, ते काही खोटं नव्हतं. तिने सगळ्यांना बसवलं आणि डोकी मोजली. तेहेतीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा तेहेतीस. आपण स्वतःला तर धरत नाही ना, अशीही शंका तिला आली, म्हणून तिसऱ्यांदा मोजताना तिने एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला. आकडा हलला नाही.

मग तिने हजेरीपट काढला. नंबर पुकारला की उठायचं आणि उभंच राहायचं, असं सांगितलं. बत्तीसपर्यंत पुकारून तिने मान वर केली, तेव्हा भिंतीकडच्या बाकावर एक ठेंगणी मुलगी बसलेली होती. दोन वेण्या, स्वच्छ गणवेश, समोर वही उघडी. बाई जवळ गेली. वहीत सोमवारपासूनचा सगळा अभ्यास होता आणि त्यावर लाल शाईच्या खुणा होत्या. त्या खुणा बाईनेच केलेल्या होत्या.

“तुझा नंबर कितवा?”

“सतरा.”

सतरा नंबरचा मुलगा तर समोर उभा होता. तो घाबरून स्वतःकडेच बघू लागला.

“चौथीत सतरा,” मुलगी खाली मान घालून म्हणाली.

बाईने शेजारच्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही सोमवारी आलात तेव्हाच ही पण आली, म्हणून आम्हाला वाटलं तुम्हीच तिला बसवलं. आणि बाईला वाटलं होतं, ती पहिल्यापासून इथलीच आहे. चार दिवस दोन्ही बाजू एकमेकींच्या भरवशावर निर्धास्त होत्या.

बाई तिला मुख्याध्यापिकांच्या खोलीत घेऊन गेली. तिथे चौथीचे सर आले. गेली अठरा वर्षं ते चौथीलाच शिकवत होते. ही मुलगी चार दिवस गैरहजर आहे, असं त्यांनी पटावर लिहिलं होतं, आणि आजारी असेल म्हणून उद्या घरी निरोप धाडणार होते. ती त्यांच्याच पायाखालच्या वर्गात बसून पाढे म्हणत होती, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी दोनदा विचारलं की ती कुणाशी भांडली का, तिला कुणी चिडवलं का, आपण रागावलो का. तिने प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हटलं.

“मग खाली तिसरीत का बसलीस गं?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

मुलगी खुर्चीची कड नखाने खरवडू लागली.

“सर म्हणतात, हे तुम्हाला तिसरीत झालंय. मला नाही झालं. म्हणून ते कधी होतं ते बघायला आले.”

मागच्या वर्षी तिचा पाय मोडला होता. अकरा आठवडे ती प्लास्टरमध्ये घरी होती, आणि नेमका त्याच काळात वर्गात भागाकार झाला. वार्षिक परीक्षेत बाकीच्या विषयांवर ती निभावली आणि वरच्या वर्गात गेली. हे सगळं कागदोपत्री ठीक होतं. त्यात कुणाचीच काही चूक दिसत नव्हती, म्हणून रागवायचं तरी कुणावर, हे तिघांनाही कळेना. मुख्याध्यापिकांनी चौथीचा पट मागवला. चार दिवसांच्या गैरहजेरीचं काय करायचं, मुलगी शाळेत तर होती, असं त्या म्हणाल्या, पेन हातात घेतलं आणि मग तसंच खाली ठेवलं.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. बसचालक होते, पाळी संपवून थेट गणवेशातच आले होते. पोरगी रोज साडेनऊला दप्तर घेऊन निघते, त्यात एक दिवस खाडा नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यांना सगळी हकीकत दोनदा सांगावी लागली. मग ते मुलीकडे वळले. “माऊ, तू आम्हाला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला वर जायला लावलं असतं.

शेवटी ठरलं ते असं: माऊने चौथीतच बसायचं, फक्त गणिताच्या तासाला खाली यायचं, भागाकार येईपर्यंत. वडिलांनी टोपी हातात फिरवत विचारलं, “म्हणजे माझी मुलगी पास झाली की नापास?”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, पास. सर म्हणाले, पासच की. खरं काय ते बदली बाईला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माऊ येऊ लागली. ती सावकाश शिकत होती आणि असं काही विचारायची की बाईच अडखळायची. पंधरा काड्या चौघांत वाटून झाल्यावर तिने उरलेल्या तीन काड्या उचलल्या.

“बाई, आता यांचं काय करायचं?”

“बाकी तीन असं लिहायचं.”

“लिहिलं. पण या जातात कुठे?”

बाई म्हणाली, कुठे जात नाहीत, इथेच राहतात. माऊने काड्यांकडे बघून मान डोलावली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि बाईचंही नव्हतं. घरी जाताना बाई तोच विचार करत दोन चौक पुढे गेली आणि तिला परत फिरावं लागलं.

तीन आठवडे असे गेले. मग एका मंगळवारी गणिताचा तास सुरू झाला आणि माऊ आली नाही. बाईने वाट पाहिली. मुलांना तीन उदाहरणं घालून दिली, बडबड्या मुलीला वर्गावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती जिना चढून वर गेली. चौथीच्या फळ्यावरही भागाकार मांडलेला होता आणि खिडकीतून माऊ दिसली. आपल्या बाकावर बसून ती हात वर करत होती. सरांनी तिला उठवलं. तिने उत्तर दिलं, ते चुकलं, सरांनी बरोबर उत्तर सांगितलं आणि ती खाली बसली. मग तिने पुन्हा हात वर केला आणि काहीतरी विचारलं. सरांनी खडू हातात धरूनच डोकं खाजवलं आणि फळा पुसून ते पहिल्यापासून समजावू लागले.

माऊला भागाकार आला म्हणून ती वर थांबली, की खाली यायचा कंटाळा आला, की आज नुसती विसरली? आत जाऊन विचारावं असं बाईला वाटलं, पण विचारायचं तरी काय, ते तिला नीट जुळवता येईना. खालून तिच्या वर्गाचा गलका चढत चालला होता. आपल्याला बरं वाटतंय की चुकल्यासारखं होतंय, हेही न उमगता ती भराभर पायऱ्या उतरू लागली.