चौथी मूठ

व्याऱ्याच्या नर्सिंग शाळेत शिकवायला गेल्यावर रंजनाला काय काय मिळणार, ते लिंबायतच्या गल्लीने तिच्याआधी मोजून ठेवलं होतं: बसायला खुर्ची, हाताखाली चाळीस पोरी, फक्त दिवसाची ड्युटी, राहायला खोली आणि ‘सिस्टर’च्या जागी ‘मॅडम’. उधन्याचं प्रसूतिगृह, मग आयसीयू, मग पांडेसऱ्याच्या एका मिलचा दवाखाना, अशी सोळा वर्षं तिने उभ्यानेच काढली होती. वाफेने भाजलेला कारीगर ड्रेसिंगला आला की तिला बघून आधी गप्प व्हायचा, मग रडायचा. त्या गप्प होण्यावर रंजना जगायची. ते मात्र गल्लीच्या मोजणीत नव्हतं.

नवऱ्याने दुसरी केली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती माहेरीच. वडील सुकदेवांची इन्सुलिनची सुई तिच्याकडे, शेजाऱ्यांची सलाइनंही तिच्याकडे. शाळेला होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. घरातून कोणी एकदा ‘नको जाऊ’ म्हटलं असतं तर ती गेली नसती. पण हे मागून घ्यायचं नसतं, एवढा ताठा तिच्यात होता.

शनिवारी दुपारी आई, धुरपदाबाई, कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला बसली. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. बायकांची मोजत नाहीत, आणि दिलेल्या लेकीने तर रोट चाखायचाही नाही. सुकदेवांची पडली, मुलगा योगेंद्रची पडली, नातू लखनची पडली. मग धुरपदाबाईने दारात बसलेल्या रंजनाकडे पाहिलं आणि आणखी एक मूठ सुपात टाकली.

“ही चौथी कोनी वं, वहिनी?” चुलत दीर हिलाल म्हणाला. मोजणीवर नजर ठेवायला तो दरवर्षी न बोलावता येतो.

धुरपदाबाईने सूप जवळ ओढलं.

“घरमा नवा माणूस उना का?”

“चुकनं मन्हं,” ती म्हणाली, आणि तेवढे गहू पुन्हा गोणीत टाकले. जमिनीवर सांडलेले दाणेसुद्धा वेचून.

रंजनाने तिथेच बसून मोबाइलवरून होकार पाठवला.

योगेंद्र कामावरून आला, बातमी ऐकली, आणि त्याने पहिलं विचारलं, “मग बाबाले सुई कोन दी?”

“तुझी बायको,” रंजना म्हणाली.

गायत्री साड्यांना लेस लावत होती. तिने सुई खाली ठेवली आणि दुसरी उचलली. दोन दिवस बटाट्यावर, तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या पोटावर.

“तुन्हा हात हलका शे,” सुकदेव सुनेला म्हणाले. “रंजनापेक्षा.”

पहिली विद्यार्थिनी पास झाली, आणि शिक्षिकेला घरात काम उरलं नाही.

आता व्याऱ्यात रंजना पोरींना शिरा शोधायला शिकवते. पोरी हुशार आहेत. पाचला त्या हॉस्टेलवर पळतात, आणि ती खोलीत एका माणसाचा भात लावते.

मिळायचं ते तिला सगळं मिळालं. योगेंद्रचं काही गेलं नाही, गायत्रीकडे एक काम वाढलं. किंमत भरली ती धुरपदाबाईने. दर रविवारी ती फोन लावते, “जेवलीस का वं माय?” विचारते, ‘परत ये’ ओठावर आलं की थांबते आणि फोन सुकदेवांच्या हातात देते.