मागे बसणारी

नवऱ्याच्या बाजूने मी चार तक्रारी लिहिल्या. पहिली भंडाऱ्याच्या शोरूमला, दुसरी कंपनीच्या ग्राहक सेवेला, तिसरी पुण्याच्या मोठ्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने आणि चौथी सरकारी पोर्टलवर. चारही मुद्देसूद होत्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे शुद्धलेखनात कोणी खोट काढली नसती. फक्त माझा विश्वास त्यांत नव्हता. चूक अतुलचीच आहे, असं मला मनातून वाटत होतं.

गाडी आम्ही हौसेने घेतली होती. लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, पुढे उंच काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. अतुल वरठीच्या कारखान्यात शिफ्टवर जातो, तिथे जायला जुनी गाडीही चालली असती. पण त्याला मला मागे बसवून महू, सांची आणि बोधगया करायचं होतं. नकाशा त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, थेट माझ्या फोडणीच्या माऱ्यात.

फेब्रुवारीत सानगडीला त्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. माझी शाळा होती, म्हणून तो आईला, म्हणजे माझ्या सासूबाई सुमनबाईंना, मागे बसवून घेऊन गेला. परत येताना साकोली मागे पडली, लाखनी यायची होती, आणि गाडी सत्तरच्या वेगात असताना इंजिन एकाएकी बंद पडलं. मागचं चाक अडखळलं, गाडी डावीकडे लचकली आणि सासूबाई रस्त्यावर पडल्या. खुबा मोडला. नागपूरला ऑपरेशन झालं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावरही अख्खी वस्ती पालथी घालणारी ही बाई तेव्हापासून वॉकर धरून दारापर्यंत जाते आणि परत येते.

अॅम्ब्युलन्समध्ये कळ असह्य झाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तुले किती सांगतलं रे बाबू, हळू चालव म्हनून."

हे त्या नंतर विसरल्या. अतुल विसरला नाही.

त्याला स्वस्थ बसवेना. जेवताना मधेच उठायचा, अंगणात जाऊन किल्ली फिरवायचा, इंजिन सुरू करून कान लावायचा, हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेजारच्या आनंदाबाई म्हणायच्या, "अवो तृप्ती, तुह्या नवऱ्याले सांग, मशीन ठीक आहे म्हनून." मला हसू यायचं, मग रागही यायचा. शिफ्टवरून आला की पायातले बूट न काढता विचारायचा, "मेल आला का?" कंपनीचा मेल यायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

त्यात नणंदेचे यजमान प्रफुल्ल भाऊजी. दर रविवारी सासूबाईंना भेटायला येतात, चहा घेतात आणि जाताना काहीतरी टोचून जातात. "गाडी कायले बंद पडते भाऊ? चालवणारा बंद पडते," असं एकदा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. अतुल तेव्हाही उठून अंगणात गेला.

जूनमध्ये शोरूमने गाडी तपासली. मॅनेजर जागेश्वर भला माणूस. त्याने आपला मेकॅनिक टिकाराम मागे बसवला आणि वैनगंगेच्या पुलापर्यंत दहा फेऱ्या मारल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. अहवाल आला: "वाहनात दोष आढळला नाही. चालकाने क्लच न दाबता गिअर बदलल्याची शक्यता. चालकाची चूक."

मला हे पटलं, कारण माझ्याकडे माझा स्वतःचा पुरावा होता. गाडी घेतल्यापासून पाच महिने मी अतुलच्या मागे बसत होते. रामटेकला गेलो, नागझिऱ्याला गेलो. मी मागे असताना गाडी एकदाही बंद पडली नाही. मग नेमकी आईंच्या वेळीच कशी पडते? लग्नाचं जेवण, उन्हाची सुस्ती, आणि अतुलची घाई तर मी कॉलेजपासून ओळखते. मी त्याला हे कधी बोलले नाही. पण अपघातानंतर मी त्याच्या मागे बसले नाही. कधी म्हणायचे मला बँकेत जायचंय, कधी म्हणायचे मैत्रीण सोबत आहे, आणि एसटी धरायचे. त्याला कारणं कळत होती. त्याने एकदाही आग्रह केला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच अस्वस्थ वाटायचं.

पाचव्या तक्रारीसाठी तो माझ्या मागे लागला तेव्हा दसरा उलटून गेला होता. "त्या गाडीवाल्यायचा ग्रुप आहे ना इंटरनेटवर, त्यात दुसऱ्याच्याही बंद पडल्या आहेत. तू पाह्य तं खरं." त्याला गप्प बसवायचं म्हणून मी एका रविवारी वही घेऊन बसले. रेघा मारल्या: गाव, तारीख, वेग, कुठून कुठे. शेकडो लोकांनी लिहिलं होतं. लडाखला जाऊन आलेले होते, गोव्याला जाऊन आलेले होते, त्यांची गाडी लोण्यासारखी चालली होती. बंद पडलेल्या दहाच निघाल्या, आमची धरून अकरा.

मी "कुठून कुठे" हा रकाना वाचला. अकोल्याचा एकजण सासुरवाडीच्या बारशाहून येत होता. छिंदवाड्याचा बायकोला माहेरी सोडायला चालला होता. राजनांदगावचा लग्नाला, वर्ध्याचा साखरपुड्याला, आणखी एक लग्न, आणखी एक बारसं. ही मोटरसायकलच्या तक्रारींची यादी आहे की आमंत्रण पत्रिकांची, असं मनात आलं. मी हसले आणि मग पेन हातात तसंच राहिलं.

अशा दिवशी पुरुष गाडीवर कोणाला नेतो? आईला, बायकोला, आत्याला. आणि त्या दिवशी तिच्या अंगावर साडी असते. मी अतुलच्या मागे बसायचे ती पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून. टिकारामही तसाच बसला होता. सासूबाई मात्र एका बाजूला बसल्या होत्या, दोन्ही पाय डावीकडे.

"आई," मी दारातल्या खुर्चीकडे जाऊन विचारलं, "गाडीवर तुमचे पाय कुठं होते?"

"कुठं असनार? खाली. त्या पेटीनं मागं ठेवूच देत नव्हते. काहीतरी लोखंडाचं लागलं टाचेले, त्याच्यावर टेकवले."

अतुल अंगणात होता. मी हाक मारली तेव्हा माझा आवाज चिरकला.

नोव्हेंबरात पुण्याहून इंजिनिअर आला. तरुण, नम्र, हातात टॅबलेट. जागेश्वरने माझं म्हणणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही मागच्या सीटवर पंच्याहत्तर किलो वजन ठेवून हजारो किलोमीटर टेस्ट केलीय."

"वजनाले पाय होते का?" मी विचारलं.

टिकाराम तोंड फिरवून हसला. इंजिनिअर हसला नाही, पण तशी फेरी मारून बघायला तयार झाला. मी मुद्दाम साडी नेसून गेले होते. गाडी अतुलने चालवायची होती. त्याने हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "बसशील?" त्याने विचारलं. नऊ महिन्यांनी मी त्याच्या मागे बसत होते, तेही एका बाजूला, आधाराला त्याचा खांदा धरून.

पहिली फेरी नीट गेली. गाडी उंच, माझे पाय आखूड. डाव्या पेटीमुळे ते पुढे सरकत होते, बायकांसाठी लावलेल्या पायरीपर्यंत पोचत नव्हते. दुसऱ्या फेरीत टाच कशालातरी टेकली आणि बरं वाटलं. शोरूमच्या फाटकापाशी गतिरोधक आहे. त्यावरून गाडी उडाली, माझा भार टाचेवर आला आणि इंजिन बंद पडलं. मी अतुलच्या शर्टाला लोंबकळले.

"हलू नका, पाय तिथेच ठेवा!" इंजिनिअर धावत आला आणि गुडघ्यावर बसला. माझी टाच बाजूच्या स्टँडच्या टोकावर होती. दुमडलेलं स्टँड दोन बोटं खाली आलं होतं. स्टँड खाली असताना कोणी गाडी पळवू नये म्हणून तिथे एक बटण असतं, ते इंजिन बंद करतं. सुरक्षेसाठीच दिलेलं बटण होतं ते.

अतुल फाटकाच्या ओट्यावर बसला. हेल्मेट काढायचं त्याला सुचत नव्हतं. मी त्याच्यापाशी गेले. "अतुल, मले वाटे तुहीच चूक आहे. तक्रारी लिहीत होती तेव्हाही वाटे."

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

मला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. अतुल शिफ्टवरून आला होता, सासूबाई खुर्चीत होत्या. त्याने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं: "सदर अपघातात चालकाची कोणतीही चूक आढळून आलेली नाही." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. कागद माझ्या हातात देऊन तो बहिणीला फोन लावू लागला.

मी पुढचं वाचलं आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"काय झालं वं?" सासूबाईंनी विचारलं. "मंग काहून बंद पडली, ते लिवलं का नाई त्याहीनं?"

लपवणं शक्य नव्हतं. मी वाचलं: "सहप्रवासी महिला अयोग्य पद्धतीने बसल्यामुळे तिच्या पायाचा दाब स्टँडवर पडून इंजिन बंद झाले. वाहनाच्या रचनेत दोष नाही. हे मॉडेल परत बोलावण्याची आवश्यकता नाही." खाली सहीसाठी जागा होती. सही केली की जूनचा अहवाल रद्द आणि तक्रार बंद. नाही केली तर जूनचा अहवाल कायम.

सासूबाईंनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच पाडली म्हना गाडी. अन् मी तुले बोलली रे बाबू. माफ कर बापा."

ज्या माणसाला आईने एकदा चुकून "तुझी चूक नव्हती" म्हणावं म्हणून नऊ महिने घास गोड लागला नव्हता, त्याला ते मिळालं, आणि त्याचं तोंड कोणी मारल्यासारखं झालं. "माफी कायची मांगते तू? खुबा तुहा मोडला न!"

"कर सही. मले म्हातारीले कोन इचारते? तुहं नाव साफ होते."

"नाई करत."

"मंग तुही गलती राहीन ना कागदावर."

"राहू दे," अतुल म्हणाला. त्याने पत्र माझ्याकडे दिलं. "तृप्ती, यायले लिही. या जिल्ह्यातली कोनती बाई साडी नेसून दुसऱ्या तऱ्हेनं बसते, ते दाखवा म्हना."

मी पाचवी तक्रार लिहिली. त्याआधी त्या दहाजणांना एकच प्रश्न पाठवला: मागे कोण बसलं होतं आणि कशी? उत्तरं दोन दिवसांत आली. बायको, एका बाजूला. आई, एका बाजूला. वहिनी, एका बाजूला, मांडीवर बाळ होतं. हे शेवटचं वाचून मी वही मिटली आणि पाणी प्यायले. दहाही जणांची नावं तक्रारीत घातली. तक्रारदार म्हणून सासूबाईंचं नाव लिहिलं आणि या तक्रारीतल्या शब्दान् शब्दावर माझा विश्वास होता. पोर्टलवर अजून "तपास सुरू" असं दिसतं. पेटी, स्टँड, बटण सगळं तसंच घेऊन त्या गाड्या रोज विकल्या जात आहेत, आणि समोर लग्नसराई आहे. शाळेत शिकवताना मधेच मला ते बाळ आठवतं आणि मी फळ्यावर काय लिहीत होते ते विसरते.

गेल्या रविवारी प्रफुल्ल भाऊजी आले. चहा घेतला. "काय निघालं मंग शेवटी तुह्या गाडीचं?"

"तपास चालू आहे भाऊजी," अतुल म्हणाला.

"म्हंजे कागदावर अजून तुहीच गलती नं?" भाऊजींनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

अतुलने मान डोलावली. मला बोलायचं होतं, पण त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती, तरी बसल्या नाहीत.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "याची गलती नाई म्हनून कंपनीचा कागद आलता घरी. यानं सही नाई केली. सही केली असती तं गलती माही झाली असती. आता हासा."