दाजींची कुलपं

गाडी दाजींच्या हातात असली की सुतासारखी सरळ चालायची आणि मेव्हण्याच्या हातात गेली की भर रस्त्यात मान टाकायची. एवढ्यावरून दाजींनी निकाल देऊन टाकला होता. गाडीत काही बिघाड नाही. बिघाड आहे तो मेव्हण्यात.

दाजी हे खरं तर त्या एकट्याचेच दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण तो दिवसभर 'दाजी, दाजी' करायचा म्हणून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली होती. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू, दिल्या वेळेला हजर, चहाखेरीज कसलं व्यसन नाही. फक्त संशयाचा किडा डोक्यात कायमचा मुक्कामाला. दुकानदाराने हसून 'या' म्हटलं, तर दाजी घरी येऊन पिशवीतले बटाटे एकेक करून दाबून बघायचे.

गाडी म्हणजे दोन मालकांचा संसार करून त्यांच्याकडे आलेली, सरकत्या दाराची जुनी व्हॅन. इस्पितळातल्या नर्सना घरून नेणं-आणणं हे तिचं काम. सकाळची पाळी दाजींची, संध्याकाळची मेव्हण्याची. गाडीच्या तक्रारी सांगायला बसलं तर सकाळची संध्याकाळ होईल. दार तिच्या मनाला येईल तेव्हा उघडायचं. एसीचं पाणी नेमकं मधल्या सीटवरच्या बाईच्या मांडीवर टपकायचं. डावी काच एकदा खाली गेली की दोघांनी ओढून वर आणावी लागे. दारासाठी कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या आणि फुकटात दुरुस्त करून देतो म्हणाली. फुकट हा शब्द ऐकताच दाजींचे कान टवकारले. गाडी नेण्याआधी त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशने बॅटरीवर, स्टार्टरवर, चारही चाकांवर लाल ठिपके दिले, कारण 'हे लोक एक पार्ट बसवतात आणि तीन काढून घेतात.' ठिपके सगळे जागच्या जागी परत आले. त्यावर दाजींचं म्हणणं असं, की ठिपके दिसले म्हणूनच त्यांनी हात आखडता घेतला.

पुढे काही महिन्यांनी कंपनीच्या मुलीचा पुन्हा फोन आला. "सर, तुमच्या गाडीसाठी अजून एक रिकॉल निघालाय. आपण किल्ली जिथे घालतो ना, तिथलं..."

"एकदा येऊन गेलो की! किती वेळा लुटणार आहात?" असं म्हणून दाजींनी फोन ठेवून दिला.

आता मेव्हण्याचं. तो पूर्वी प्यायचा, हे काही लपलेलं नव्हतं. नोकरी गेली, घर गेलं, मग बहिणीने त्याला हाताला धरून आणलं आणि मागची खोली दिली. त्यानंतर त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. "माझं पिल्लू सुधारलंय," ताई म्हणायची. पिल्लू तिशी ओलांडलेलं, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारं. दाजींनी बायकोच्या शब्दाखातर त्याला गाडीवर घेतलं, पण मनातून त्यांचा काही विश्वास बसला नव्हता. मेव्हण्याने मात्र गाडीची किल्ली घराच्या आणि मागच्या खोलीच्या किल्ल्यांबरोबर कौतुकाने एकाच कडीत अडकवली.

पाण्याच्या टाकीजवळचा रस्ता पाइप टाकायला खणला आणि कसाबसा बुजवला, तेव्हा पहिल्यांदा गाडी बंद पडली.

"बंद पडली म्हणजे कशी?" दाजींनी विचारलं.

"खड्ड्यात आदळली आणि बंद. किल्ली आपोआप मागे फिरते, दाजी."

"आपोआप? किल्लीवर भूत बसलंय का? मी रोज सकाळी त्याच खड्ड्यांतून जातो, मला नाही ते कधी दिसलं."

"तेच तर मला कळत नाही."

"मला कळतंय," दाजी म्हणाले. "तोंड उघड."

त्या दिवसापासून तो नेमच पडला. संध्याकाळी मेव्हणा गाडी लावून घराच्या पायऱ्या चढू लागला की दाजी पायरीखाली उभे राहून हाक मारायचे. मेव्हण्याने एक पायरी खाली उतरायचं, मान वाकवायची आणि दाजींच्या नाकाशी तोंड नेऊन 'हा' करायचं. आतून ताई भांडी आपटायची. "चोर आहे का तो?" दाजींचं उत्तर ठरलेलं, "नसेल तर त्याचं काय जातंय?" वास कधीच आला नाही. त्याने तर दाजी जास्तच अस्वस्थ झाले. वास येत नाही म्हणजे बेटा हुशार झालाय.

गाडी दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्यांना वाटलं, हा पेट्रोल काढून विकतोय. टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. तिसऱ्यांदा वाटलं, चांगले पार्ट काढून भंगार बसवतोय. बॉनेटला साखळी आली आणि साखळीला कुलूप. मग स्टेपनीला, टूलबॉक्सला, डॅशबोर्डच्या कप्प्याला, स्टीअरिंगला अडकवायच्या लोखंडी दांडीला, शेडच्या फाटकाला. प्रत्येक कुलपाची एक किल्ली मेव्हण्याला द्यावीच लागायची, नाहीतर रस्त्यात चाक बदलणार कसं? पण देऊन तरी भरवसा कुठे? हा किल्लीची नक्कल करून कुणाला देईल म्हणून दाजींनी त्याच्या सगळ्या किल्ल्या, गाडीची आणि घराची धरून, एका जाड लोखंडी कडीत ओवल्या आणि कडीचं तोंड वेल्डिंग करून बंद करून टाकलं. स्वतःच्या किल्ल्या मात्र ते कधीच एकत्र ठेवत नसत. एकत्र ठेवल्या तर एकदम चोरीला जातील. गाडीची तेवढी एकटी किल्ली शर्टाच्या खिशात, आणि खिशाला वरून सेफ्टी पिन.

नवल असं, की कुलपं वाढली तसं गाडीचं बंद पडणंही वाढलं. आधी कधीमधी पडायची, आता आठवड्याला पडू लागली. दाजींना त्याचाही अर्थ लागला. "सगळ्या वाटा बंद केल्या ना मी. म्हणून चिडून करतोय." त्यांनी नवा हुकूम काढला. गाडी बंद पडली की कशाला हात लावायचा नाही, मला फोन करायचा आणि मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यामुळे किल्ली फिरवून चटकन चालू झाली असती ती गाडी अर्धा-अर्धा तास रस्त्यात उभी राहायची, नर्सना उशीर व्हायचा, आणि त्याचंही खापर मेव्हण्याच्याच डोक्यावर फुटायचं.

शेवटी ताईने हट्टच धरला, म्हणून दाजी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. त्या मॉडेलच्या गाड्या झाडून सगळ्या त्याच्याकडेच यायच्या. मिस्त्रीने दाजींची किल्ली घेतली, गाडी लांबवर फिरवून आणली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. चालवणारा बघा कोण ते."

दाजींना हेच ऐकायचं होतं. बाकावर बसलेल्या मालकांकडे त्यांनी विजयी मुद्रेने पाहिलं. तिथे प्रत्येकाकडे आपापली कर्मकथा तयारच होती.

"आमची तर फक्त ह्यांच्याच हातात बंद पडते," एक बाई शेजारच्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"घरातलाच माणूस असतो," दाजींनी मान डोलावली.

"माझीही पडायची," एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले. "पण कंपनीने बोलावलं, गेलो. किल्ली घालतो तिथलंच काहीतरी बदलून दिलं. तेव्हापासून आता नुसतं ऑइल बदलायला येतो."

दाजींना त्यांची कीव आली. "फुकटात ना? मग काढून काय घेतलं, ते बघितलंत का?"

गृहस्थ थोडा वेळ हसले, मग हसायचे थांबले, आणि उठून आपल्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत राहिले.

त्यानंतर इस्पितळातून निरोप आला, की आणखी एकदा उशीर झाला तर आम्ही दुसरी गाडी बघतो. दाजींनी घरात जाहीर केलं, "आता एकदा जरी बंद पडली, तरी तुझा भाऊ या घरात राहणार नाही."

"अहो, इथून गेला तर तो पुन्हा त्याच वाटेला लागेल," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो दाजींना जास्त लागला. तरी शब्द मागे घेतील तर ते दाजी कसले?

चारच दिवसांत, संध्याकाळी ताई औषधाच्या दुकानात कामावर गेलेली असताना, दाजींचा फोन वाजला. "दाजी, टाकीपाशी आहे. बंद पडली." शर्ट, खिशातल्या किल्लीसकट, खुंटीवर तसाच राहिला. दाजी नुसत्या बनियनवर, दार ओढून घेऊन दोन गल्ल्या धावत गेले.

गाडी खड्ड्याच्या कडेला उभी. आत नर्स घड्याळं बघत बसलेल्या, पुढच्या सीटवर मोठ्या सिस्टर. मेव्हणा खाली उतरून उभा होता.

"तोंड उघड."

"दाजी, इथे नको. सगळ्या बघतायत."

"बघू देत की! उघड तोंड."

मेव्हण्याने मान वाकवली आणि 'हा' केलं. दाजींचे डोळे चमकले. "पेपरमिंट! वास लपवायला खाल्लंस काय?"

"मी दिली त्याला गोळी," मोठ्या सिस्टर खिडकीतून म्हणाल्या. "दुपारपासून जेवला नाही म्हणाला."

"तुम्ही मध्ये पडू नका, सिस्टर. हा आमच्या घरातला मामला आहे." दाजी मेव्हण्याकडे वळले. "किल्ल्या गाडीतच राहू देत. चालता हो. माझ्या दारात उभा राहिलेला दिसायला नकोस."

मेव्हणा वळला. जाता जाता एवढंच म्हणाला, "किल्ली आपोआप फिरते, दाजी. उतारावर सांभाळा."

दाजींनी दार आपटलं, त्याच जुडग्याने गाडी चालू केली आणि निघाले. अंगाची नुसती आग होत होती. इस्पितळाआधीच्या उतारावरही त्याच पाइपचा खणलेला पट्टा होता. पुढचं चाक त्यात आदळलं, जुडगा खणखणला, आणि पुढ्यातले सगळे दिवे गेले. इंजिन गप्प. स्टीअरिंग हलेना. ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगडासारखं. समोरून बस येत होती. दाजींनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढलं, सीटवरून अर्धं उठून ब्रेकवर सगळा भार दिला, मागे कुणीतरी किंचाळलं, आणि गाडी कडेच्या दगडाला घासत कशीबशी थांबली. बस हॉर्न वाजवत अंगाजवळून निघून गेली.

बस पार दिसेनाशी झाली. मग मोठ्या सिस्टर त्यांच्याकडे वळल्या.

"दाजी," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही तोंड उघडा."

दाजींनी उघडलं नाही. ते स्टीअरिंगच्या उजव्या अंगाला बघत होते. किल्ली मागे फिरलेली होती, आणि तिला लटकलेला जुडगा अजून झोके घेत होता. टाकीची, बॉनेटची, स्टेपनीची, टूलबॉक्सची, कप्प्याची, दांडीची. एकेक कुलूप कुठल्या दिवशी आणि कुठल्या संशयाने लावलं ते दाजींना तोंडपाठ होतं. त्या सगळ्यांचं ओझं एका झिजलेल्या किल्लीवर, आणि कडीला वेल्डिंगही त्यांनीच करून घेतलेलं. त्यांच्या हातातल्या किल्लीला कधी काही लटकलंच नव्हतं.

कडी तुटेना, तिच्यातून किल्ली निघेना. शेवटी मोठ्या सिस्टरनी पर्समधून बँडेजची गुंडाळी काढली, जुडगा मोडक्या हातासारखा झोळीत घेतला आणि झोळी स्टीअरिंगखाली वर बांधून टाकली. गाडी चालू झाली. इस्पितळापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांत ती एकदाही बंद पडली नाही.

परतताना दाजींनी आधी बारमध्ये डोकावून पाहिलं. मग दुसऱ्या बारमध्ये. हो, अजूनही! सवय अशी एका धक्क्याने जात नाही. मेव्हणा दोन्हीकडे नव्हता.

तो घराच्या पायरीवर बसला होता. ताई अजून आली नव्हती, आणि त्याची घराची किल्ली जुडग्यात होती. दाजींना बघून तो म्हणाला, "उभा नाही राहिलो, बसलोय. सामान आत आहे. तेवढं घेतो आणि जातो."

दाजींनी वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. आता त्यातला एक शब्द तोंडाबाहेर निघेना. बँडेज गुंडाळलेला जुडगा हातात धरून ते पायरीखाली उभे राहिले आणि नुसते मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

ते काहीच बोलत नाहीत, नुसते बघतायत, म्हणून मेव्हणा उठला. रोजच्यासारखा एक पायरी खाली उतरला, मान वाकवली, दाजींच्या नाकाशी तोंड आणलं आणि मोठ्ठा 'हा' केला.

मघाच्या पेपरमिंटचा वास आता राहिला नव्हता. उपाशी पोटाचा तेवढा होता.

दाजींनी घाईघाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको रे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मीट ते तोंड. गाडीच बिघडलेली होती. पहिल्यापासून गाडीच. कंपनी बोलावत होती, मीच गेलो नाही." मेव्हणा तसाच उभा राहिला. दाजींच्या तळव्यावर त्याचा श्वास येत होता आणि वरून टपटप पाणी.

"सामान राहू दे," थोड्या वेळाने दाजी म्हणाले. "आधी करवत आण. ही कडी कापून टाकू."

"करवत टूलबॉक्समध्ये आहे," मेव्हणा त्यांच्या हाताआडून म्हणाला. "आणि टूलबॉक्सला तुमचं कुलूप आहे."