कपाटामागचा खिळा

मित्रांनो, ज्या वर्षी कपाटवाल्यांच्या धाकट्या लेकीचे लग्न झाले आणि ती समुद्रापलीकडे राहायला गेली, त्या वर्षी मी या घरात आलो. मी एक जुना वायफाय अडॅप्टर आहे. आकाराने तुमच्या अंगठ्याएवढा. घरातल्या कॉम्प्युटरला बिनतारी इंटरनेट मिळावे म्हणून मला त्याच्या यूएसबीच्या खाचेत बसवतात. हवेतून येणारे निरोप पकडून कॉम्प्युटरला द्यायचे आणि त्याचे निरोप हवेत सोडायचे, एवढेच माझे काम. प्रत्येक शब्द, प्रत्येक चेहरा माझ्या अंगावरून जातो. पण माझ्या पदरचे एक अक्षर मला त्यात घालता येत नाही. सगळे कळते आणि काही सांगता येत नाही, असा माझा जन्म.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर केसासारख्या तांब्याच्या रेषा, त्यावर दोन-चार काळे ठिपके, वरून काळे टोपण आणि टोपणाला एक हिरवा दिवा. खोक्यात माझ्याबरोबर दोघे जण होते. एक चकचकीत तबकडी, म्हणजे सीडी, आणि एक लांब वायर. वायरीचे एक टोक कॉम्प्युटरला लावायचे आणि दुसऱ्या टोकाला मला, म्हणजे मला उंच, मोकळ्या जागी ठेवता येते. मित्रांनो, या वायरीची आठवण ठेवा. घरातल्या लोकांना ती राहिली नाही.

या घरातले बाबा लोखंडी कपाटे बनवायचे. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा. उभे आयुष्य ठोकाठोकीत गेले आणि त्या आवाजाने त्यांचे कान गेले. फोनवर ते नुसते "हां, हां" म्हणत आणि फोन आईच्या हातात देत. अक्षरांशीही त्यांची फारशी गाठ नव्हती. वाचून दाखवायला आई, ऐकून सांगायला आई. मात्र समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यातही धाकटीचे ओठ त्यांना पाठ होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. तिथल्या दणदणाटात ओरडून उपयोग नसायचा, म्हणून ती आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि बाबा त्याच रीतीने उत्तर द्यायचे. बाकीचे कारागीर बघत राहायचे आणि बापलेक हसायचे. बाबा तिला ठिणगी म्हणायचे.

ही ठिणगी दूर गेली, तेव्हा तिचा चेहरा दिसण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. तिचा अभ्यासाचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता आणि इंटरनेटची पेटी बाहेरच्या खोलीत फळीवर. आधी मधे वायर ओढली होती. पण उंबऱ्यावर आई त्या वायरीत अडखळली आणि हातातल्या टोपातले दूध सगळ्या घरभर झाले. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावले आणि तो मला घेऊन आला.

"काका, आता वायरीची कटकट संपली. हा लावला की झालं," तो म्हणाला.

बाबांनी मला तळहातावर घेऊन निरखले. "हा? हा तर खिळा आहे! एवढ्याशा खिळ्यावर माझी पोरगी दिसणार?"

दुरुस्तीवाल्याने तबकडी घातली, कॉम्प्युटरला माझी ओळख करून दिली आणि मला मागच्या खाचेत खोचले. पडद्यावर आजूबाजूच्या सगळ्या वायफायची नावे आली. आमचे नाव सापडले, पण पासवर्ड पेटीच्या पोटावर छापलेला होता. आईने पेटी उलटी धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचले.

बाबा कंटाळले. "एवढी लांबलचक किल्ली? माझ्या कपाटाला बोटभर पुरते."

शेवटचे अक्षर पडले आणि माझा हिरवा दिवा लुकलुकू लागला. थोड्याच वेळात पडद्यावर धाकटी आली. तिने काही न बोलता फक्त ओठ हलवले. बाबांनीही हलवले. मग दोघे हसत सुटले.

"काय म्हणाली हो?" आईने विचारले.

"तुला नाही सांगायचं," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

ते माझे सुखाचे दिवस. कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून जे दिसायचे ते माझ्यातूनच जायचे, त्यामुळे पाठीमागे बसूनही मी सगळे घर पाहायचो. दर रविवारी सकाळी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसत. आईला मधे बोलायला जागाच राहायची नाही. "माझा खिळा लाखाचा आहे," असे बाबा आल्यागेल्याला सांगत. वस्तू चांगली म्हणून त्यांनी माझे खोकेही टाकू दिले नाही. तबकडी आणि वायर आत ठेवून त्यांनी ते जपून कारखान्यात नेले, आणि लेकीसाठी बनवलेल्या कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवून कुलूप लावले.

आता त्या कपाटाविषयी सांगायला हवे. लग्नात लेकीला द्यायचे म्हणून बाबांनी ते स्वतःच्या हाताने बनवले होते. नेहमीपेक्षा जाड पत्रा, आत-बाहेर दुहेरी, दारे अशी की आवाज न करता मिटावीत. पण एवढे धूड समुद्रापलीकडे कसे न्यायचे? "राहू दे बाबा, मी तिकडे कुठे ठेवू?" असे धाकटी म्हणाली आणि ते बाबांना लागले. ती निघाली त्या दिवशी ते निरोप द्यायलाही गेले नाहीत. कारखान्यात दुसऱ्याच कुणाचे कपाट ठोकत बसले. पुढे पडद्यावर बोलणे सुरू झाले आणि तो रुसवा विरघळला, असे सगळ्यांना वाटले. बाबांच्या मनात मात्र तो दिवस काट्यासारखा रुतून राहिला होता.

मग बाबांचे हात थरथरू लागले. कारखाना बंद करावा लागला. तिथले सगळे विकले, ते कपाट तेवढे घरी आले. हमालांनी घामाघूम होऊन ते आतल्या खोलीत आणले. जागा करायला माझे टेबल कोपऱ्यात सरकवले आणि कपाट दाराशेजारी उभे केले. बाबांनी त्याच्यावर थाप मारली.

"ठिणगी येईल तेव्हा तिला तिचं सापडेल. असा पत्रा आता मिळत नाही. मुंगी जायची नाही यातून!"

मुंगी सोडा मित्रांनो, हवेतून निरोप वाहणाऱ्या माझ्या लाटासुद्धा जाईनात. विटांच्या भिंतीतून आम्ही धापा टाकत का होईना, जातो. लोखंडाच्या पत्र्यापुढे मात्र आमचे काही चालत नाही. लाट त्यावर आपटते आणि मागे फिरते. पेटी कपाटाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. आडात भरपूर पाणी होते, पोहऱ्यात थेंब पडत नव्हता.

आवाज हलका असतो. तो इकडून तिकडून वाट काढत यायचा. चित्र जड असते. ते येता येता अडकायचे. पुढच्या रविवारी धाकटी पडद्यावर आली, हसली, आणि तशीच थिजली. ओठ मिटलेले, नजर खाली.

"बघ, मूग गिळून बसलीय," बाबा म्हणाले.

"अहो, बोलतेय ती! मला ऐकू येतंय ना. गुडघा कसा आहे विचारतेय."

"ओठ मिटलेत तिचे. माझे कान गेलेत, डोळे नाही."

"चित्र अडकलंय हो!"

"मग आवाज कसा नाही अडकला? दोन्ही त्या एकाच खिळ्यातून येतात ना? उगाच माझी समजूत घालू नकोस."

त्यांचे काय चुकले? कुणालाही तसेच वाटले असते. मी तेवढा दिवा लुकलुकवत होतो, जीव खाऊन लुकलुकवत होतो. पण माझे तोंड भिंतीकडे. माझा आक्रोश दिसला तो फक्त भिंतीला आणि तिथल्या कोळ्याला.

असे पुष्कळ रविवार गेले. आईने पुन्हा दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो घाईत होता. बाहेरच्या खोलीत उभे राहून त्याने आपल्या फोनवर पाहिले. "नेट तर झकास आहे, मावशी. तिकडचंच काहीतरी बिघडलं असेल." मग आत येऊन कपाटाला पाठ टेकून उभा राहिला. "कपाट कसलं दणकट आहे हो काका!" बाबांना ते ओठांवरून कळले आणि ते कितीतरी दिवसांनी हसले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत. औषध त्या कपाटाच्या पोटात कुलूपबंद होते, आणि दुखणेही तेच होते. मी ओरडू शकलो असतो तर!

त्यानंतर एका रविवारी धाकटीने गोड बातमी सांगितली. तिला बाळ होणार होते. तिने आधी बाबांना खुणेने जवळ बोलावले. ही गोष्ट ती त्यांना त्यांच्या रीतीने, आवाज न काढता सांगणार होती. बाबा पडद्याला नाक लावून बसले. आणि नेमके तेव्हाच चित्र थिजले. ओठ मिटलेले. बाबा वाट पाहत राहिले. तिकडे ती बिचारी मनातले सगळे ओठांनी सांगून मोकळी झाली होती. माझ्यापर्यंत त्यातले तुकडे पोहोचले, ते जोडता जोडता माझा जीव गेला, पण चेहरा काही हलला नाही. शेवटी तिने विचारले, "आई, बाबा काही बोलत का नाहीत गं? त्यांना आनंद नाही झाला?" मग तिने आईला मोठ्याने सांगितले आणि आई ओरडलीच.

आईने बाबांचा दंड धरून ते त्यांना सांगितले. बाबा हसले. पण ते हसू लगेच मावळले.

"तुला सांगितलं. मला नाही सांगितलं."

"अहो, तुम्हालाच सांगत होती आधी!"

"मी निरोप द्यायला गेलो नव्हतो ना. ते धरून बसलीय ती. बसू दे. चूक माझीच आहे."

ते उठले आणि बाहेर गेले. पुढच्या रविवारी त्यांनी दाढी केली नाही. आई पडद्याशी बोलायची तेव्हा ते कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसायचे. आणि समुद्रापलीकडे धाकटी विचारायची, "बाबा माझ्यासमोर येत का नाहीत? अजून त्या कपाटावरून रागावलेत का?" आई दोन्हीकडून बोलणी खायची आणि पदराने डोळे टिपायची. चूक कुणाचीच नव्हती. माझीही नव्हती, पण सगळे माझ्याच अंगावरून जात होते आणि मी मधे हात बांधल्यासारखा बसलो होतो.

थंडीत नात जन्मली. बाबा तोवर अंथरुणाला खिळले होते. आईने शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना खुर्चीत आणून बसवले. पडद्यावर धाकटी आली. तिच्या कुशीत बाळ. बाळाने एक मोठी जांभई दिली, आणि चित्र थिजले. चिमुकले तोंड उघडेच्या उघडे राहिले.

मला वाटले, संपले. आता बाबा उठून जातील. पण ते पुढे झुकले. तळहात त्यांनी पडद्याला लावला.

"अगं, ही बोलतेय माझ्याशी! बघ, बघ! आजोबा म्हणतेय."

"हो हो, म्हणतेय," आई म्हणाली.

"हिच्या आईसारखी अबोल नाही ही." मग बाबांनी आवाज न काढता बराच वेळ ओठ हलवले. तिकडे त्यातले किती पोहोचले, मित्रांनो, ते मला विचारू नका. फारसे नाही.

धाकटी घरी आली ती उन्हाळ्यात, मुलीला कडेवर घेऊन. बाबांची खुर्ची रिकामी होती. मुलीची झबली ठेवायला आईने कपाट उघडून दिले. चोरकप्प्यात हात घातल्यावर धाकटीला माझे खोके मिळाले. आत चकचकीत तबकडी, आणि कधीच न उलगडलेली वायर.

"ही लावलीच नाही कुणी?"

"ह्यांनी ठेवलंय ते. खोकं जपून ठेव म्हणाले होते."

धाकटीने वायरीकडे पाहिले. मग कपाटाकडे. मग वाकून, कपाटामागे कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या माझ्याकडे. ती तिथेच जमिनीवर बसली. उठून तिने वायर जोडली, माझ्यावरची धूळ फुंकली आणि मला कपाटाच्या माथ्यावर ठेवले. मित्रांनो, तिथून उघड्या दारातून समोर पेटी स्वच्छ दिसत होती. लाटा कशा धो धो आल्या! तिने नवऱ्याला बोलावले, आणि तो हलत, बोलत, एकदाही न अडकता पडद्यावर दिसला.

"अगंबाई! जावईबापूंच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसतायत," आई म्हणाली. "मग इतके दिवस काय झालं होतं गं?"

धाकटीचा हात कपाटाच्या दारावर होता. जाड, दुहेरी पत्र्यावर.

"वायर लावायची राहिली होती, आई."

"एवढंच?"

"एवढंच."

आई स्वयंपाकघरात गेली. मग धाकटी कपाटाला कपाळ टेकून उभी राहिली आणि आवाज न काढता ओठ हलवू लागली. ते बोलणे माझ्या अंगावरून गेले नाही. त्यामुळे ती काय म्हणाली ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझ्याहून वेगवान अडॅप्टर बाजारात आले आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कोपऱ्यात, लोखंडामागे कोंडू नका. खोक्यात आलेली वायर जपून ठेवू नका, वापरा. आणि आपले माणूस समोर असून बोलत नाही असे वाटले, तर लगेच उठून जाऊ नका. मधे काय उभे आहे ते एकदा वाकून बघा. कधी कधी ते आपणच प्रेमाने बनवून तिथे ठेवलेले असते.

बाबा गेले ते नात जन्मली त्याच महिन्यात, थंडी सरता सरता, एका रविवारी सकाळी.