जास्त आवळलेली काच

मित्रांनो, मी एक जुनी आणि आता अर्धीच उरलेली काच आहे. सगळे काच म्हणतात म्हणून मीही म्हणते, खरं तर मी पक्क्या, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची आहे. मोटारसायकलच्या हँडलपुढे वारा अडवायला जी बसवतात, ती मी. दुकानात मला विंडशील्ड म्हणत, घरात आल्यावर मी काचच झाले. आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. तुम्ही म्हणाल, वाऱ्यापुढे छाती काढून उभी राहणारी ही बया भित्री कशी? अहो, जो सगळ्यात पुढे असतो त्याला सगळं आधी दिसतं. मागे बसणाऱ्याचं काय, तो डुलक्या घेतो!

माझी भीती जन्मापासूनची आहे. कारखान्यात मला तापवलं, वाकवलं, तोवर ठीक होतं. मग भोकं पाडायचं यंत्र आलं. माझ्या आधी जी होती तिच्या भोकापाशी जरासा जास्त दाब पडला, आणि कडेपर्यंत एक भेग सर्रकन पळत गेली. तिला उचलून भंगारात टाकलं. आपण भोकापाशी नाजूक असतो हे मला तेव्हाच कळलं. माझी भोकं नीट पडली, पण ती 'सर्रकन' मी विसरले नाही.

जबलपुरात कमानिया गेटकडच्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. ऐन थंडीत एक म्हातारा आला. कानटोपी, जाड भिंगाचा चष्मा, खिशात पाना. हा भैयालाल. तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. त्याने मला उजेडात धरलं, बोटाने वाजवून पाहिलं.

"किडा अंदर तो नहीं आएगा ना?" त्याने विचारलं.

"किडा क्या, हवा भी नहीं आएगी, चाचा," दुकानदार म्हणाला. "बस, ये रबर के वॉशर जरूर लगाना. और ज्यादा मत कसना. हाथ से कसो, फिर आधा चक्कर."

"बेटा, हमने तोपें कसी हैं. तुम हमको कसना सिखाओगे?"

दुकानदार हसला. मला मात्र हसू आलं नाही.

किड्याची एवढी चौकशी का, ते घरी गेल्यावर समजलं. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि बाजूला एका तरुणाचा फोटो. तो पुंडलिक, भैयालालचा धाकटा भाऊ. खूप वर्षांपूर्वी नागपूरहून मोटारसायकलवर परत येताना सिवनी मागे टाकल्यावर त्याच्या डोळ्यात किडा गेला. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि तो जागीच गेला. तेव्हापासून घरातलं कोणी मोटारसायकलवर बसलं की भैयालाल ते परत येईपर्यंत दारातच उभा राही. आणि मुलगा सुगत रेल्वेत लागलेला, पहाटेची ड्युटी, धुकं हे एवढं. गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

भैयालालने अंगणात मला बसवायला घेतलं. आपल्या जुन्या डब्यातून लोखंडी वॉशर, म्हणजे चकत्या, काढल्या आणि दुकानातले रबराचे बाजूला सारले.

"मामाजी, हे रबर राहिले की," सून हर्षा म्हणाली.

"राहू दे. रबर ढिलं पडते. नट कसा बसला पाहिजे, हललाच नाही पाहिजे."

"पण दुकानवाल्याने सांगितलं ना. ही तर प्लास्टिकची आहे."

"अच्छा? तू कधीपासून फिटर झाली?"

हर्षा हसली. रबराच्या चकत्या उचलून तिने बटणांच्या डब्यात टाकल्या. अहो, थांबवा कोणीतरी याला, असं मी मनात ओरडत होते! भैयालालने पाना लावला. एक चक्कर, दुसरा चक्कर. मग दातओठ खाऊन अजून एक. माझ्या आत, उजवीकडच्या खालच्या भोकापाशी, बारीकसं 'कच्' झालं. केसाएवढी भेग पडली. ती लोखंडी चकतीखाली लपली, त्यामुळे कोणाला दिसली नाही.

"आता हत्ती आला तरी हलणार नाही," भैयालाल म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझा जीव तिथेच अर्धा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. कौतुकही फार झालं, खोटं कशाला बोलू? सुगत घरी येऊन सांगायचा, "बाबा, छातीला गार लागत नाही आता. मस्त आहे काच." रेल्वेतल्या लोकांनी मला हात लावून पाहिलं. पण माझ्यावर भरवसा बसला तशी सुगतला एक खोड लागली. हेल्मेटची काच धुक्याने ओली होते म्हणून तो ती वर करून गाडी चालवायला लागला. म्हणजे त्याच्या उघड्या डोळ्यांपुढे आता फक्त मी. भेग पडलेली मी! एखादा भुंगा माझ्यावर आपटला की मी आधी त्या बिचाऱ्याची माफी मागायची आणि मग भोकापाशी चाचपायची, वाढली का गं भेग, वाढली का?

ती वाढतच होती. कारण दर रविवारी भैयालाल मला पेट्रोलच्या चिंधीने पुसायचा. कारखान्यात लोखंडाचे भाग तो असेच लख्ख करायचा. किती मायेने पुसायचा, काय सांगू! तोंडाने पुटपुटायचा, "पोराला नीट दिसलं पाहिजे." आणि ते पेट्रोल झिरपत त्या भेगेत जायचं, माझी आग व्हायची. भेगेला आणखी केसासारखे फाटे फुटले.

मला तोंड नाही. मला एकच बोलता येतं, खडखड. भेग पडल्याने माझा तो कोपरा हलायला लागला, तशी मी जीव तोडून खडखडले. बघा, माझ्याकडे बघा! भैयालालचे कान तिखट. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की त्याला ऐकू जायचं. तो पाना घेऊनच बाहेर यायचा.

"आवाज येऊन राहिला. ढिली झाली वाटते."

आणि तो मला आणखी आवळायचा. दोन दिवस मी गप्प बसायची, मग पुन्हा खडखड, मग पुन्हा पाना. मदतीला बोलवावं आणि येणाऱ्याने गळाच दाबावा, असं माझं चाललं होतं.

सुगतचंही काही वेगळं नव्हतं. निघाला का, पोचला का, धुकं आहे का, भैयालालचे सारखे फोन. एकदा दाट धुक्यात फोन वाजत राहिला, थांबेचना. सुगतने एक हात सोडून खिशात घातला. त्याच क्षणी मला समोर दोन पिवळे दिवे दिसले. ट्रक होता. हँडल डगमगलं, ट्रक अंगाला वारा घालून गेला, सुगतने गाडी कडेला घेतली. घरी येऊन तो म्हणाला, "बाबा, गाडीवर असताना काहून फोन करता तुम्ही?"

"जीव राहत नाही म्हणून करतो. तू उचलत नाही म्हणून पुन्हा करतो," भैयालाल म्हणाला. सुगतने ट्रकचं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर आणखी फोन आले असते.

वर्ष सरत आलं. दसऱ्याला हे कुटुंब दीक्षाभूमीला जाई, नेहमी बसने. भैयालालने पुंडलिकनंतर त्या रस्त्यावर मोटारसायकल जाऊच दिली नव्हती. त्या वर्षी बसला पाय ठेवायला जागा नव्हती.

"गाडीने जाऊ, बाबा. हळू चालवतो," सुगत म्हणाला.

भैयालाल अंगणात येऊन माझ्यापाशी उभा राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हौ. आता काच आहे ना."

माझ्या भरवशावर तो त्याच रस्त्याला निघाला होता, आणि मी कशावर उभी होते ते मला ठाऊक होतं.

सकाळी दोघे पांढरे कपडे घालून निघाले. हर्षाने भाकरी आणि चटणी बांधून दिली. बरगी गेलं, धूमा गेलं. रस्ता सरळ, गाड्या सुसाट. प्रत्येक ट्रक समोरून आला की वाऱ्याचा तडाखा मला मागे ढकलायचा आणि भेग बोटभर पुढे सरकायची. मी खडखडत होते, खडखडत होते. लखनादौनला चहाला थांबले, तसा भैयालालने खिशातून पाना काढलाच.

"राहू द्या ना, बाबा. जरा ढिली असली तर चालते," सुगत म्हणाला.

"चालते? पुंडलिकही चालते चालते म्हणत होता."

सुगतने चहाचा ग्लास खाली ठेवला. भैयालालने मला इतकं पिळलं की पाना घसरला. माझा आवाज बंद झाला. त्याला वाटलं, दुरुस्त झाली. अरे बाबा, मी घाबरून श्वास धरला होता!

सिवनीच्या अलीकडे तो पूल आला. भैयालालने मुलाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आरशात दिसत होतं. सुगतच्या हेल्मेटची काच वर होती. समोरून एक भला मोठा कंटेनर येत होता, आणि मला कळून चुकलं की हा तडाखा मी झेलू शकणार नाही. माझ्या भोकापाशी 'टक्' असा आवाज झाला. खडखड नव्हे. फुटण्याआधी वस्तू जो आवाज करते, तो.

"गाडी हळू कर!" भैयालाल ओरडला. "हा आवाज वेगळा आहे, हळू कर, सुगत!"

सुगतने ब्रेक दाबला, मान खाली घातली. कंटेनर गेला आणि मी फाटले. उजवा अर्धा भाग माझ्यापासून सुटून मागे उडाला. सुगतच्या उघड्या डोळ्याच्या बोटभर वर, हेल्मेटच्या कडेवर तो आपटला, आणि तिथून घसरून त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या भैयालालच्या हातात घुसला. गाडी लटपटत पुलाच्या कठड्याजवळ गेली आणि कठड्याला न लागता थांबली.

दोघेही जिवंत होते. मी पुन्हा पुन्हा पाहत होते, खरंच जिवंत होते.

भैयालालच्या हातातून रक्त वाहत होतं, पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं. सुगत गमछा गुंडाळत होता आणि रडत होता. "बाबा, दाबून धरा. दाबून धरा ना!" पण भैयालाल हाताकडे बघतच नव्हता. तो वाकून माझ्या भोकाकडे बघत होता. चकतीखालून निघालेल्या सगळ्या भेगा आता उघड्या पडल्या होत्या, पांढऱ्या, बारीक. त्याने चांगल्या हाताचं बोट त्यांच्यावरून फिरवलं.

"ही ढिली नव्हती रे," तो म्हणाला. "मीच फोडली हिला. सांगून राहिली होती बिचारी, आणि मी आवळून राहिलो होतो."

थोड्या वेळाने सुगत म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं आहे. धुक्यात एकदा तुमचा फोन आला होता." आणि त्याने त्या ट्रकचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हातारा रागावणार. तो कठड्यावर बसला आणि हमसून हमसून रडला.

सिवनीच्या दवाखान्यात टाके पडले. हेल्मेटची काच खाली करून ते हळूहळू नागपूरला गेले आणि दीक्षाभूमीला वंदन करूनच परतले. सुगत माझा उरलेला भाग टाकून देणार होता. "नाही, घरी घेऊन चल," भैयालाल म्हणाला.

नंतर नवी काच आली. हर्षाने कोणी न मागता बटणांचा डबा उघडला आणि रबराच्या चकत्या पुढे केल्या, शब्दही बोलली नाही. भैयालालने बोटांनी नट लावले, पाना अर्धा चक्कर फिरवला. हात आणखी पुढे जाऊ बघत होता. त्याने पाना हर्षाला देऊन टाकला. "ठेव हा. मी मागितला तरी देऊ नको."

मला त्याने करवतीने कापलं, कानशीने कडा घासल्या आणि तसबिरींपुढे उभं केलं. खिडकीतून वारा येतो, संध्याकाळची मेणबत्ती विझते, म्हणून. आता मी वाऱ्यापेक्षा मेणबत्तीला घाबरते. प्लास्टिकच ना मी! पण हर्षा ती माझ्यापासून हातभर दूर लावते.

मित्रांनो, आज बाहेर धुकं आहे आणि सुगतला यायला उशीर झाला आहे. भैयालाल माझ्यासमोर बसला आहे. टाक्यांची खूण असलेल्या हातात फोन आहे, अंगठा मुलाच्या नावावर आहे. तोही घाबरला आहे, मीही. पण तो फोन लावत नाही. पुंडलिकच्या फोटोकडे बघतो, फोन पालथा घालतो, पुन्हा हातात घेतो, पुन्हा पालथा घालतो.

तुमच्या घरात कोणी खडखडत असेल, वस्तू असो की माणूस, तर तुम्हीही एवढं करा. पाना उचलण्याआधी जवळ जाऊन बघा, कुठे दुखतं आहे. ज्याच्यावर माया असते त्यालाच आपण फार आवळतो.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. नवी काच किंचित खडखडते आहे, रबरावर, हवी तेवढीच. भैयालालने ऐकलं. तो उठला, आणि रिकाम्या हातांनी दार उघडायला गेला.