शेवटच्या पंगतीचा बोका

मी बोका. बोलतोय खरा, पण आज आवाज नेहमीसारखा लागत नाही, सांभाळून घ्या. एरवी माझ्या ओरडण्यानं मालवणच्या या वाडीतली कुत्रीसुद्धा वाट बदलतात. सध्या मात्र मला भीती वाटते. भीती वाटते हे कबूल करणारा बोका तुम्ही पाहिला नसेल, तर आज पाहा.

माझा जन्म वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीत, जाळ्यांच्या ढिगावर झाला. आम्ही चार भावंडं होतो. बाकीची कुठे गेली, कळलं नाही. मला सुगंधानं पदरात घालून घरी आणलं. नाव ठेवायचं कोणाला सुचलं नाही. सगळे ‘बोको’ म्हणूनच हाक मारत आणि मीही त्यावरच शेपटी हलवत आलो.

घरात माणसं तीनच. सुगंधा, तिची सासू पार्वती आणि मासेमारीला जाणारा दीर महादू. सुगंधाचा नवरा गंगाराम मुंबईला एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय. तो वर्षातून दोनदा येई. माझ्यासाठी कधी काही आणत नसे, हे मी ध्यानात ठेवलं आहे.

सुगंधा तेव्हा खूप लठ्ठ होती. तिच्या मांडीवर मी आडवातिडवा कसाही पसरलो तरी जागा उरायची. पण विहिरीवरून एक कळशी आणली की तिला धाप लागायची, गुडघे धरून ती उंबऱ्यावर बसायची. वाडीतली पोरं तिच्या चालण्याची नक्कल करत. ती हसून सोडून देई आणि मागच्या दारी येऊन माझ्याजवळ रडत बसे. मला काय करावं ते कळत नसे. मी तिचा हात चाटी.

मग एका शिमग्याला गंगाराम आला तो वेगळंच काही घेऊन. त्याच्या इस्पितळात अमेरिकेत शिकून आलेले एक डॉक्टर होते. लठ्ठ माणसांसाठी ते नवीन ऑपरेशन करत होते आणि सुगंधाचं फुकट करायला तयार होते. पार्वतीनं देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि सुगंधा बोटीनं मुंबईला गेली. ते दिवस मी महादूच्या हातचं जेवलो. त्याबद्दल न बोललेलं बरं.

ती परत आली तेव्हा गंगारामनं ओटीवर बसून आईला सगळं समजावलं.

“आतड्याचो मोठो भाग बाजूक ठेवलो आणि दोन टोकां जोडल्यानी. आता खाल्लला सगळा अंगाक लागाचा नाय. पण मासळी, अंडी, डाळ थोडा थोडा खाऊक व्हया. गोळये चुकवूचे नाय. सा म्हयन्यांनी दाखवूक येवक व्हया.”

पार्वतीनं मान डोलावली. मी मात्र अंग चोरून बसलो. आमच्या मागच्या दारी रोज मासे साफ होतात. पोट फाडलेला मासा पुन्हा पोहताना मी पाहिलेला नाही. सुगंधाच्या पोटावर वरपासून खालपर्यंत वण होता, जाड दोऱ्यानं शीड शिवावं तसा. मी त्या बाजूला पाय ठेवायचं टाळू लागलो.

पण महिन्या-महिन्याला ती उतरत गेली आणि वाडी थक्क झाली. शेजारची हिरा मासळी विकून परतताना दारात टोपली टेकवून उभी राहिली.

“अगे बाये! वळखूकच येनंस नाय गो! चेडू दिसतंस चेडू.”

कोवळी पोर म्हटल्यावर सुगंधा लाजली. जुनी चोळी आत घेऊन शिवताना ती गुणगुणत होती. पार्वतीनं मीठमिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली. मलाही बरं वाटलं. माझी जागा कमी झाली होती, पण मी तक्रार केली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या घरात आधी महादू जेवतो, मग पार्वती. सून सगळ्यांच्या मागून, एकटी, चुलीजवळ. ही काही फक्त आमच्या घरची रीत नव्हे, तुमच्याही घरी असेल. त्या शेवटच्या पंगतीला सुगंधासोबत मी एकटाच असे. म्हणून तिचं जेवण कसं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

खाल्लं की तिच्या पोटात मुरडा यायचा. चार घास जात न जात तोच ती तांब्या घेऊन माडांमागे धावायची. दिवसातून किती वेळा, ते मी मोजणं सोडून दिलं. एकदा लग्नाच्या मांडवात तिचं लुगडं खराब झालं. त्या दिवशी ती तोंड झाकून, कुंपणाच्या कडेकडेनं घरी आली. तेव्हापासून ती अन्नालाच घाबरू लागली. ताटात बांगडा आला की तिच्या कपाळावर घाम येई. मग ती बांगडा माझ्यासमोर ठेवी, भात पाण्यात कालवून माझ्याकडे सारी आणि स्वतः थोडी पेज घेई.

“खा रे बोक्या, तू तरी खा. माझ्या पोटात काय रवणा नाय.”

मी खात होतो. बांगडा समोर आल्यावर विचार करत बसणारा बोका अजून जन्माला यायचाय.

जेवण उरकल्यावर पार्वती आत डोकावे. “जेवलंस गो?”

“जेवलंय आये.”

ताट लख्ख दिसे. पार्वती समाधानानं आडवी होई. मी जाडजूड होत चाललो होतो आणि सगळे मला हसत होते. मला का कोणी विचारावं, की हा बोका एवढा कशावर वाढतोय?

गोळ्या संपल्या. नवीन मागवल्या तर गंगाराम दाखवायला बोलावणार, म्हणून तिनं संपल्याचं सांगितलंच नाही. चतुर्थीला तो घरी आला तेव्हाही गोळ्या “आसत मां” म्हणाली आणि दाखवायला जाणं पुढच्या खेपेवर ढकललं. तांदूळ निवडता निवडता एकदा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली.

“बाजूच्या खाटयेर एक बाई होती. तिचा ऑपरेशन माझ्यासारख्याच. मगे ती सुजली, परत फाडल्यानी. ती काय घराक गेली नाय रे. माका थंय परत जावचा नाय.”

तिचा हात माझ्या पाठीवर होता. तेव्हापासून माझी झोप उडाली.

थंडी सरता सरता एका तिन्हीसांजेला ती दिव्यात तेल घालत होती. सगळं तेल दिव्याच्या बाजूला, जमिनीवर सांडलं आणि तिला ते दिसलंच नाही. वळताना ती माझ्यावर अडखळली. मी पांढराशुभ्र बोका. अंधारात मी लोकांना भूत वाटतो, पण तिला मी हातभर अंतरावर दिसलो नाही. ती भिंत चाचपत चाचपत बाहेर गेली. माझ्या अंगावरचे केस उभे राहिले ते बराच वेळ बसले नाहीत.

मग ती भरू लागली. गाल वर आले, पाय गोल झाले. हिरा पुन्हा दारात थबकली.

“आता बरी अंगान भरलंस गो. मधी नुसती काठी झालेलंस.”

पार्वतीचा आनंद काय सांगावा! देवीची ओटी भरायचं तिनं त्याच दिवशी ठरवलं. पण आम्हा मांजरांना एक सवय असते, झोपण्याआधी जागा पंजांनी मळून घेतो. त्या दुपारी मी सुगंधाच्या पायावर मळलं आणि पाहतो तर माझ्या पंजांचे खळगे तिच्या पायात तसेच राहिलेले. भिजलेल्या पिठात बोट रुतावं तसे. मी वाट पाहिली. ते भरून येईनात. हे मांस नव्हतं, पाणी होतं. इस्पितळातली ती बाई आधी सुजली, असं सुगंधाच म्हणाली होती ना?

मी घाबरलो. खरंच घाबरलो. सुगंधा मरणार आणि घर खुशीत आहे, हे मी कोणाला आणि कसं सांगणार? मी पार्वतीच्या पायात घोटाळलो, ओरडलो. “मस्ती इली ह्येका,” म्हणून तिनं मला पायानं बाजूला केलं. मग मी बांगडा खायचा सोडला. सुगंधानं तो उचलून मागच्या दारी कावळ्यांना टाकला. ताट पुन्हा लख्ख.

दुसऱ्या दुपारी बांगडा माझ्यासमोर आला, तसा मी तो तोंडात धरला. दात लागू दिले नाहीत. जिभेवर ती चव, आणि गिळायचं नाही! सुगंधानं मला अडवायला हात पुढे केला, पण मी निसटलो आणि थेट ओटीवर जाऊन पार्वतीच्या पुढ्यात बांगडा ठेवला.

पार्वतीनं आधी केरसुणीच उचलली.

“मेल्या चोरा! सुनेचा जेवाण पळवतस?”

दोन रट्टे बसले. मी हललो नाही. तिसऱ्याला तिचा हात वर राहिला. तिनं वाकून पाहिलं.

“ह्येका दातसुद्धा लागलो नाय…”

ती आत गेली, मी मागोमाग. सुगंधा चुलीजवळ तशीच बसली होती, पाण्यात कालवलेला भात माझ्या जागेकडे सारलेला, स्वतःच्या वाटीत दोन घोट पेज.

“सुगंधा, ह्या काय गो?”

सुगंधानं सासूचे पाय धरले. “आये, तुमी कोणाक सांगू नकात. माका परत फाडतले.”

पार्वती खाली बसली. तिनं सुनेचा पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला आणि पडलेल्या खळग्याकडे ती नुसती बघत राहिली. “मी मेली रोज तुझा ताट बघून बऱ्या मनान झोपाक जाय होतंय,” एवढंच ती म्हणाली आणि मोठ्यानं रडू लागली.

पुढे सगळं घाईत झालं. महादूनं गंगारामला तार केली आणि पुढची बोट आली तेव्हा वहिनीला घेऊन तो निघाला. मी किनाऱ्यापर्यंत गेलो. सुगंधाला बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसवलं. ती रडत नव्हती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी ओरडलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

ज्या जागेची तिला एवढी धास्ती, तिथेच मी तिला पाठवलं. काही न करता बसलो असतो तर ती माझ्या डोळ्यांसमोर गेली असती, हे मला कळतं. तरी तिची ती फिरवलेली मान आठवली की घास घशाखाली उतरत नाही. पार्वती माझ्यापुढे मासा ठेवते, मी वास घेऊन उठतो. माझ्या फासळ्या दिसू लागल्यात.

काल वाडीतला गुरुदास मुंबईहून आला. पार्वतीनं त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. तो सांगू लागला.

“परत उघडल्यानी, आतडा पयल्यासारख्या जोडल्यानी. ताप आसा. डॉक्टर अजून काय्येक सांगनत नाय.” मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. “शुद्धीर इली तेव्हा पयला ह्येचाच इचारल्यान. बोको जेवता मां?”

मी तिथून उठलो आणि मागच्या दारी जाऊन बसलो. आम्हा मांजरांना रडता येत नाही असं म्हणतात. म्हणू देत.

आता तुम्हांला एक विनंती. तुमच्यापैकी कोणी मुंबईला जाणार असेल, तर त्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात जा. तिला सांगा, बोका आजपासून जेवतो. मग तिला विचारा, तू जेवलीस का? ती हो म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. ती जेवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.